सॅम्युएल फ्रेंच – नाटकाची पातळ पुस्तकं छापणाऱ्या ह्या घराण्याबद्दल कुणाला माहिती आहे का?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. आमचा बँकेतल्या लोकांचा नाटकाचा ग्रुप आहे, दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेला उतरतो, आणि मी गेली अकरा वर्षं प्रॉम्प्टिंग, प्रॉपर्टी, कपडेपट असं जे पडेल ते बॅकस्टेजला करते. स्टेजवर एकदाच गेले, तेही मोलकरीण म्हणून.

मागच्या रविवारी मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक पातळसं पुस्तक सापडलं, साठ रुपयांना दिलं त्याने. 'चार्लीज आंट', म्हणजे आपल्या मोरूच्या मावशीचं मूळ इंग्रजी नाटक. अत्र्यांनी रूपांतर केलंय हे माहीत होतं, विजय चव्हाणांची मावशी तर आमच्या पिढीला पाठच आहे, म्हणून सहज घेतलं. घरी येऊन उघडलं आणि रात्री दीड वाजेपर्यंत तेच घेऊन बसले.

त्याचं कारण नाटक नाही, कारण त्यात छापलेल्या बाकीच्या गोष्टी. प्रत्येक वाक्याबरोबर कंसात कोण उठतं, कुठल्या खुर्चीमागून जातं, उजवीकडे का डावीकडे, सगळं छापलंय. मागे सेटचा प्लॅन, वरून बघितल्यासारखा, दारं खिडक्या टेबलं सगळं काढून. आणि प्रॉपर्टीची यादी! कुठल्या अंकात टेबलावर काय, विंगेत काय तयार ठेवायचं, कुणाच्या हातात काय. हॅटमध्ये चहा ओतायचा प्रसंग आहे ना, तर त्यासाठी लागणारं सामान वेगळं लिहिलेलं. मी अकरा वर्षं असल्या याद्या शंभर पानी वहीत करतेय आणि प्रयोग संपले की वही कुठे जाते ते कुणालाच ठाऊक नसतं. इथे कुणीतरी ती वहीच छापली आणि विकली!

पुस्तकावर कुठल्यातरी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीचा शिक्का आहे, गाव वाचता येत नाही. आणि एका पानाच्या कडेला पेन्सिलने चक्क देवनागरीत लिहिलंय, 'हसू संपू दे'. म्हणजे आपल्यापैकीच कुणीतरी हे करून बघितलंय.

प्रकाशक सॅम्युएल फ्रेंच, पत्ता २६ साउथहॅम्प्टन स्ट्रीट, लंडन. नेटवर शोधलं तर कुठे १८३० म्हणतात, कुठे अमेरिकन म्हणतात, कुठे इंग्लिश. कौटुंबिक धंदा होता म्हणे. तर हे फ्रेंच कोण, नुसती नाटकं छापून दीड-दोनशे वर्षं घर कसं चाललं, आणि मुख्य म्हणजे ह्या मूव्हमेंट्स आणि याद्या कोण लिहायचं, लेखक का? कुणी सविस्तर सांगेल का प्लीज.

पिवळी_पानं

ताई, चांगली वस्तू लागली हाताला. ह्याला ॲक्टिंग एडिशन म्हणतात. माझ्याकडे अशी चाळीसेक आहेत, बहुतेक फाउंटन आणि पुण्याच्या रद्दीवाल्यांकडूनच आलेली, म्हणून मला ह्या घराण्याचं वेड लागलं.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण तेच महत्त्वाचं आहे. मूव्हमेंट्स बहुतेक वेळा लेखकाच्या नसतात. लंडनला नाटक उभं राहिलं की स्टेज मॅनेजर तालमीत स्वतःच्या संहितेवर सगळं टिपून ठेवायचा, कोण कधी कुठे, दिवा कधी, बेल कधी, पडदा कधी. तिला प्रॉम्प्ट बुक किंवा प्रॉम्प्ट कॉपी म्हणतात. ॲक्टिंग एडिशन त्या प्रतीवरून तयार व्हायची. म्हणजे तुम्ही वाचताय ती कुठल्यातरी तुमच्यासारख्याच माणसाची वही आहे, नाव न छापलेली.

आता इतिहास. सुरुवात फ्रेंचपासून करायची नाही, लेसीपासून करायची. थॉमस हेल्स लेसी, जन्म १८०९, हा मूळ नट. नाटक कंपन्यांतून काम केलं, मॅनेजरकी केली, बायको फॅनी कूपर तीही नटी. १८४० च्या दशकात त्याने नाटकाच्या पुस्तकांचं दुकान थाटलं, आधी कॉव्हेंट गार्डनच्या बाजूला आणि मग ८९ स्ट्रँड ह्या पत्त्यावर. १८४८ पासून त्याने 'लेसीज ॲक्टिंग एडिशन' काढायला सुरुवात केली, एकेक नाटक सुटं, किंमत सहा पेन्स. पंचवीस वर्षांत जवळजवळ १०० खंड भरतील एवढी, दीड हजाराच्या आसपास नाटकं! त्यात उत्तम वाङ्मय शोधायला जाऊ नका. फार्स, मेलोड्रामा, एका अंकाची विनोदी नाटकं, फ्रेंच भाषेतून उचललेली कितीतरी. पण लेसी स्वतः नट असल्यामुळे नटाला काय लागतं हे त्याला कळत होतं. कपड्यांचं वर्णन, पात्रं कुठून येतात कुठून जातात, हे तो छापायचा. आज विक्टोरियन नाटकाचा अभ्यास करणारे लोक लेसीच्या ह्याच सहा पेन्सच्या चोपड्यांवर अवलंबून आहेत.

तिकडे अमेरिकेत सॅम्युएल फ्रेंच, जन्म १८२१, मॅसॅच्युसेट्सचा. न्यूयॉर्कमध्ये स्वस्त कादंबऱ्या विकता विकता १८५० च्या दशकात नाटकांकडे वळला, तिथल्या आधीच्या प्रकाशकाची 'मॉडर्न स्टँडर्ड ड्रामा' ही मालिका विकत घेतली आणि स्वतःच्या नावाने पुढे चालवली. १८५९ ला तो लंडनला गेला, लेसीला भेटला, आणि दोघांनी ठरवलं की तू माझी पुस्तकं इंग्लंडात विक, मी तुझी अमेरिकेत विकतो. मग १८७२ मध्ये फ्रेंच कायमचा लंडनलाच येऊन राहिला, न्यूयॉर्कचं दुकान मुलगा थॉमस हेन्री फ्रेंच ह्याच्या ताब्यात दिलं आणि लेसीचा सगळा धंदा ५,००० पौंडांना घेतला. लेसी पुढच्याच वर्षी, १८७३ ला गेला. बाप लंडनला, मुलगा न्यूयॉर्कला, मधे समुद्र, असं हे घर चाललं.

मुलगा बापापेक्षा वेगळ्या प्रकृतीचा होता असं मला वाटतं. त्याला नुसती पुस्तकं पुरली नाहीत, तो नाटकं उभी करायला लागला, १८८८ च्या ब्रॉडवे थिएटरच्या उभारणीत तो भागीदार होता, १८९३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन थिएटर काढलं. बाप मात्र शेवटपर्यंत दुकानदार. आणि दुकानात नुसती पुस्तकं नव्हती हं. चोपड्यांच्या मागच्या जाहिराती बघा कधी मिळाल्या तर, रंगभूषेचं सामान, विग, दाढीमिशा, आणि कागदावर छापलेले सीन, म्हणजे जंगल, बाग, दिवाणखाना असे मोठे कागद जे घरातल्या हॉलमध्ये लाकडी चौकटीवर चिकटवून नाटक करता येईल. गावातल्या पाद्र्याच्या मुलींनी नाताळात नाटक करायचं ठरवलं तर एका पत्राने सगळं घरपोच. हौशी लोक हाच गिऱ्हाईक, हे त्या घराने जेवढं ओळखलं तेवढं तेव्हा दुसऱ्या कुणीच ओळखलं नाही.

तुमची प्रत १९८३ च्या आधीची आहे हे नक्की, कारण त्या वर्षी त्यांनी साउथहॅम्प्टन स्ट्रीट सोडून फिट्झरॉय स्ट्रीटला दुकान नेलं. शीर्षकाच्या मागच्या पानावर हक्कांची नोटीस आणि फी किती ते असेल. ते पान नीट वाचा, त्यावरून काळ आणखी जवळ आणता येतो.

तिसरी_घंटा

बापरे, किती छान लिहिलंत दादा, दोनदा वाचलं. स्टेज मॅनेजरची वही हे वाचून अंगावर काटाच आला खरं सांगते. ते नोटिसीचं पान दुसऱ्या पानाला चिकटलंय, पावसात भिजलं असावं कधीतरी. ओढायची भीती वाटतेय. काय करू?

पिवळी_पानं

ओढू नका अजिबात! वाफ पण देऊ नका, शाई पसरेल. पातळ प्लास्टिकची पट्टी, फोटोच्या फाइलीतलं प्लास्टिक कापून घ्या, आणि कोपऱ्यातून एकदम हळू हळू आत सरकवत न्या, एका दिवसात नाही झालं तर दोन दिवसांत. घाई केली की अक्षरं समोरच्या पानावर जातात, माझं एक पुस्तक असंच गेलंय.

मँचेस्टरची_माधुरी

मी इथे चौदा वर्षं आहे आणि आमच्या भागातल्या हौशी नाट्यसंस्थेत आहे, चर्चच्या हॉलमध्ये वर्षाला दोन नाटकं, शंभर खुर्च्या, मध्यंतरात चहा-बिस्किटं आमच्यातलेच लोक विकतात. आम्ही फ्रेंचचीच नाटकं कितीतरी केली म्हणून हे प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते, कारण पुस्तकविक्री ही अर्धीच गोष्ट आहे.

आधी नाटक निवडायचं. फ्रेंचचा कॅटलॉग असायचा, 'गाइड टू सिलेक्टिंग प्लेज' ह्या नावाने तो फार पूर्वीपासून निघायचा, आणि त्यात नाटकं लावलेली असायची पात्रसंख्येने! किती पुरुष किती बायका. हौशी ग्रुपमध्ये बायका नऊ आणि पुरुष तीन हे जगभर सारखंच असावं, तर तुम्ही थेट तीन पुरुष सहा बायका ह्या भागात जायचं. सेट एक का दोन, काळ कुठला, हेही दिलेलं. माझ्या मते त्या कॅटलॉगएवढा हौशी लोकांच्या अडचणींचा विचार कुणी केलेला नाही.

मग प्रयोगाची परवानगी म्हणजे लायसन्स. तारखा, हॉलची क्षमता, तिकिटाचा दर, किती प्रयोग हे सगळं कळवायचं. पूर्वी प्रत्येक नाटकाला फीचा एक अक्षरी कोड असायचा, त्यावरून कळायचं की एका प्रयोगाला किती पैसे. त्याच्याही आधी पुस्तकातच छापलेलं असायचं की हौशी मंडळींनी प्रत्येक प्रयोगाला इतक्या गिनी आगाऊ पाठवाव्यात. लायसन्स हातात येईपर्यंत जाहिरात करायची नाही. प्रत्येक नटाकडे स्वतःची विकत घेतलेली प्रत पाहिजे, झेरॉक्स चालत नाही. आणि वाक्य बदलायचं नाही, शिवीसुद्धा कापायची असेल तर विचारायचं. पहिल्यांदा मला हे सगळं जाचक वाटलं होतं, शंभर खुर्च्यांच्या हॉलसाठी एवढं! पण मग आमच्या सेक्रेटरीबाई, वय ८१ तेव्हा, मला म्हणाल्या की त्या लेखकाचं नाटक लंडनला कधीच उतरलंय, आता त्याच्या घरी जे पैसे जातात ते अशा शंभर खुर्च्यांच्या हॉलांतूनच जातात. तेव्हापासून मी फॉर्म भरताना कुरकुर केली नाही.

फिट्झरॉय स्ट्रीटच्या दुकानात मी २०१२ ला गेले होते, वॉरन स्ट्रीट स्टेशनवरून चालत. भिंतीभर पातळ पुस्तकांचे कणे, नाव वाचायला मान वाकडी करावी लागते. एक मुलगा जमिनीवर मांडी घालून ऑडिशनसाठी स्वगत शोधत बसलेला, ओठ हलत होते त्याचे, आणि कुणी त्याला उठ म्हणालं नाही. मी तासभर होते, तोही तासभर होता. काउंटरवरच्या बाईंना मी सांगितलं की चार बायका, विनोदी, पण वयस्कर भूमिका हव्यात, त्यांनी कॉम्प्युटर न बघता पाच पुस्तकं काढून दिली. एप्रिल २०१७ ला ते दुकान भाडं परवडेना म्हणून बंद झालं. पुढे २०१८ मध्ये रॉयल कोर्ट थिएटरच्या आत छोटं दुकान निघालं, पण फिट्झरॉय स्ट्रीट बंद झाल्याची बातमी आली त्या रात्री आमच्या तालमीत कुणी काम करायच्या मनःस्थितीत नव्हतं.

एक मात्र पिवळी पानं यांच्याशी मी सहमत नाही. छापील मूव्हमेंट्सचं एवढं कौतुक नको. आमच्याकडे जुने दिग्दर्शक पुस्तकात लिहिलंय म्हणून नटाला सोफ्यामागून फिरवायचे, आमच्या हॉलमध्ये सोफ्यामागे जागाच नाही तरी! लंडनच्या एका स्टेजसाठी कुणीतरी १९५० ला केलेलं ब्लॉकिंग, म्हणजे ह्याच मूव्हमेंट्सची आखणी, वेदवाक्य कशाला समजायचं. आता बरेच दिग्दर्शक पहिल्या तालमीलाच सांगतात की कंसातलं खोडून टाका.

पिवळी_पानं

माधुरीताई, खोडून टाका हे मलाही मान्य आहे, पण खोडायला आधी काहीतरी छापलेलं असावं लागतं. १९५० ला कसं केलं होतं हे तुम्हाला कळतं तरी. आपल्याकडे गाजलेल्या नाटकांचं मूळ ब्लॉकिंग काय होतं हे आज शोधायला जा, त्या वेळचा एखादा नट हयात असेल तर तो आठवून सांगतो, नाहीतर संपलं.

काळा_कोट_नाट्यवेडा

मी व्यवसायाने वकील, संध्याकाळी नट. दोन-तीन गोष्टी दुरुस्त करतो आणि एक भर घालतो.

पहिली गोष्ट १८३० ची. कंपनी स्वतः स्थापना १८३० सांगत आली आहे, पण सॅम्युएल फ्रेंच १८२१ चा जन्मलेला, म्हणजे तेव्हा तो नऊ वर्षांचा! लेसीचं प्रकाशनसुद्धा १८४० च्या दशकातलं. तेव्हा ती तारीख दुकानाच्या पाटीवरची समजावी. जुन्या मालिका विकत घेत घेत हे घर वाढलं, त्यामुळे नेमकी कुठून मोजणी करायची हा प्रश्नच आहे, पण फ्रेंच ह्या नावापुरतं बोलायचं तर १८५० चं दशक धरा.

दुसरी, कौटुंबिक धंदा. रक्ताच्या नात्याने बघितलं तर दोनच पिढ्या. सॅम्युएल १८९८ ला लंडनला वारला, मुलगा थॉमस हेन्री १९०२ ला. त्यानंतर न्यूयॉर्क थॉमस एडवर्ड्स यांच्याकडे आणि लंडन वेंटवर्थ हॉग यांच्याकडे, दोघेही आधीपासून तिथेच काम करणारे. लंडनला मग हॉग घराण्याची पुढची पिढी आली. पाटीवर नाव फ्रेंचचं, आत घर हॉगांचं. मला ह्यात काही कमीपणा वाटत नाही, उलट मालकाच्या मुलापेक्षा दुकानात वाढलेल्या माणसाला तो धंदा जास्त कळला असं इथे झालंय. शेवटी डिसेंबर २०१८ मध्ये काँकर्ड ह्या अमेरिकन संगीत कंपनीने सगळं घेतलं, हॉलिवूडचं दुकान २०१९ ला बंद झालं. फ्रेंचचा जुना प्रतिस्पर्धी होता ड्रॅमॅटिस्ट्स प्ले सर्व्हिस, १९३६ मध्ये नाटककारांच्या संघटनेच्या पुढाकाराने निघालेला, तोही २०२१ ला ब्रॉडवे लायसन्सिंग ह्या दुसऱ्या कंपनीकडे गेला. म्हणजे ज्यांच्यात लेखकांसाठी चढाओढ चालायची ते दोघेही आता दुसऱ्यांच्या छताखाली.

आता भर, कायद्याची. हे घर उभं राहिलं ते प्रयोगाच्या हक्कावर. इंग्लंडात १८३३ च्या कायद्याने नाटककाराला पहिल्यांदा प्रयोगाचा हक्क मिळाला, विनापरवानगी प्रयोगाला कमीत कमी ४० शिलिंग भरपाई. तोवर पुस्तक छापलं की कुणीही स्टेजवर आणावं अशी स्थिती. पण अमेरिका परदेशी लेखकांना संरक्षणच देत नव्हती, थेट १८९१ पर्यंत! त्यामुळे गाजणारं इंग्लिश नाटक छापलं की अमेरिकेत फुकट गेलं, म्हणून मोठे नाटककार आपलं नाटक हस्तलिखितातच ठेवायचे. १८९१ नंतर ती भीती गेली आणि ताजी नाटकं लवकर छापायला यायला लागली.

आणि हौशी लोकांनी पैसे का द्यायचे ह्यावर खटले झाले. १८८४ चा डक विरुद्ध बेट्स प्रसिद्ध आहे. 'अवर बॉइज' नावाचं नाटक, लंडनला ओळीने १,३६२ प्रयोग झालेलं, ते काही हौशी लोकांनी गायज हॉस्पिटलच्या एका खोलीत तिथल्या नर्सेसच्या करमणुकीसाठी केलं, तिकीट नाही. हक्कधारक कोर्टात गेला. अपील कोर्टाने सांगितलं की हा घरगुती प्रकार आहे, ही नाटकाची जागा म्हणता येत नाही, तेव्हा भरपाई नाही. पण न्यायमूर्तींनी हेही बजावलं की प्रकरण अगदी सीमारेषेवरचं आहे.

आपल्याकडे उलट आहे बघा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये स्पष्ट म्हटलंय की हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर प्रयोग केला किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला तर तो हक्कभंग नाही. म्हणजे गणपतीच्या मांडवातलं फुकट नाटक कायद्याने सुटतं. इंग्लंडात त्याच हौशी मंडळाच्या फीवर एक अख्खं घराणं जगलं. पण सावध राहा, तिकीट लावलं की सवलत गेली, आणि रूपांतर किंवा अनुवाद करायचा असेल तर तो वेगळा हक्क आहे, त्याला ही सवलत पांघरूण घालत नाही. राज्य नाट्य स्पर्धेला तर लेखकाचं परवानगीपत्र लागतंच.

डीटीपी_काका

काळा कोट साहेबांनी परवानगीपत्राचा विषय काढला म्हणून लिहितो. मी पुण्यात ३४ वर्षं मराठी पुस्तकांची प्रुफं तपासली, त्यात नाटकं खूप. आपल्या नाटकाच्या पुस्तकात पहिल्या पानांवर काय असतं ते आठवा, पहिला प्रयोग कधी, कुठे, कुठल्या संस्थेचा, भूमिका कुणाच्या, आणि मग ती ओळ, ह्या नाटकाच्या प्रयोगाचे, भाषांतराचे, चित्रपटाचे सर्व हक्क अमक्यांकडे, परवानगीसाठी पुढील पत्त्यावर लिहावे. पत्ता बहुतेक लेखकाच्या घरचा. इथेच आपला आणि फ्रेंचचा रस्ता वेगळा होतो. तिकडे परवानगी प्रकाशकाकडे, एकच पत्ता, इकडे लेखकाकडे, लेखक गेला की बायकोकडे, मग मुलांकडे, मग नातू परदेशात. मी स्वतः एका कॉलेजच्या मुलांसाठी एका दिवंगत नाटककाराच्या वारसांचा पत्ता शोधत कोथरूड ते बोरिवली फिरलोय, छापील पत्त्यावरची इमारतच पाडून टॉवर झालेला. शेवटी त्यांच्या सूनबाई भेटल्या, त्यांनी कागदावर दोन ओळी लिहून दिल्या आणि मानधन घेतलं नाही, कोणी विचारायला आलं हेच पुष्कळ म्हणाल्या.

कुटुंबाने चालवलेली प्रकाशनं आपल्याकडेही आहेतच. पॉप्युलरचं उदाहरण घ्या, भटकळांनी १९२४ ला मुंबईत पॉप्युलर बुक डेपो काढला, १९५२ पासून रामदास भटकळांनी मराठी पुस्तकं काढायला सुरुवात केली, 'नटसम्राट' त्यांचंच. पण ही घरं सगळ्या प्रकारचं साहित्य काढतात, फक्त नाटकावर आणि तेही प्रयोग करणाऱ्यांसाठी असं घर मराठीत उभं राहिलं नाही. आपण नाटक छापतो ते वाचायला. संहिता सुबक, मुखपृष्ठ सुंदर, प्रस्तावना वीस पानी, पण खुर्च्या कुठे ठेवायच्या ते नाही. मीच एकदा एका नाटकाच्या शेवटी नेपथ्याचा आराखडा छापायचं सुचवलं होतं, पान वाढतं म्हणून राहिलं, तेव्हा आणखी जोर लावायला हवा होता असं आता वाटतं.

तिसरी घंटा ताई, तुमच्या वह्या कुठे जातात हे तुम्ही लिहिलंत ना, ते वाचून मला जास्त लागलं. अकरा वर्षांतल्या किती शिल्लक आहेत?

तिसरी_घंटा

काका, चार. काल माळ्यावरून काढल्या. एक उंदराने कुरतडलीय पण याद्या वाचता येतात. बाकीच्या त्या त्या दिग्दर्शकांकडे राहिल्या किंवा ग्रुपच्या ट्रंकेत असतील, शनिवारी तालीम आहे तेव्हा ट्रंक उघडायचीच असं ग्रुपवर टाकलंय, तिघांनी येतो म्हटलंय.

सगळ्यांना मनापासून थँक्यू. माधुरीताई, तो जमिनीवर बसलेला मुलगा डोळ्यासमोरून जात नाहीये. आणि वकीलसाहेब, आमच्या सेक्रेटरींना तुमचं उत्तर जसंच्या तसं पाठवलंय कारण आम्ही तिकीट लावतो आणि पुढच्या वर्षी एका इंग्रजी नाटकाचं मराठी करायचं घाटत होतं, परवानगीचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आता आधी काँकर्डला मेल जाईल, मगच अनुवादाला बसायचं ठरलंय.

आणि ते चिकटलेलं पान सुटलं. तीन संध्याकाळी लागल्या, फोटोच्या फाइलीचं प्लास्टिक कापून केलं दादांनी सांगितलं तसं. कोपऱ्यातली दोन अक्षरं गेली, बाकी शाबूत. नोटीस आहे, साउथहॅम्प्टन स्ट्रीटचा पत्ता आहे, हौशी मंडळींनी फी प्रयोगाच्या आधी भरावी असं आहे. त्या फीच्या ओळीखाली पेन्सिलची रेघ मारलीय आणि बाजूला, 'हसू संपू दे' लिहिणाऱ्याच्याच अक्षरात, लिहिलंय 'पाठवले'. खाली तारीख आहे पण नुसती १४ आणि महिन्याचा पुसट फराटा, वर्ष नाही.